टवकारलेले कान

महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एका मेलेल्या कुत्र्याचं चित्र होतं, आणि ते कुणाच्या तरी लाडक्या कुत्र्याच्या आठवणीतून उतरलेलं आहे हे घरातल्या कुणाच्या गावीही नव्हतं. काळीभोर तबकडी, मधोमध गोल लेबल, लेबलावर पितळी कर्ण्यापुढे बसलेला पांढरा कुत्रा. बालगंधर्वांचं पद लावलं की तो मिनिटाला ७८ गिरक्या घ्यायला लागे आणि पद संपून सुई खरखरू लागली, कुणी तबकडी थांबवली, की पुन्हा कुत्र्याच्या आकारात येई. कुत्र्याचा छाप म्हणजे एचएमव्ही, एवढीच त्याची ओळख.

त्याचं नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला जन्मलेला, धड या जातीचा ना त्या, पण टेरिअरकडे झुकणारा. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना तोंड लावायची खोड, त्यावरून हे नाव पडलं. मालक मार्क बॅरॉ नाटकांचे पडदे रंगवणारा. तो १८८७ मध्ये वारला आणि कुत्रा त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे आला. निपर १८९५ मध्ये गेला. लंडनजवळच्या किंग्स्टनमध्ये त्याला पुरलं. फ्रान्सिसने चित्र काढलं ते त्यानंतर तीनएक वर्षांनी. म्हणजे रंगवताना समोर कुत्रा नव्हताच. कागदोपत्री या चित्राची पहिली नोंद ११ फेब्रुवारी १८९९ ची, स्वामित्वहक्काच्या अर्जातली, आणि तिथलं वर्णन अगदी कोरडं आहे : फोनोग्राफकडे पाहणारा आणि ऐकणारा कुत्रा.

आपण हे चित्र इतक्या वेळा पाहिलंय की ते नीट कधी पाहिलेलंच नाही. एकदा लेबलावरून काढून मूळ तैलचित्र म्हणून डोळ्यांसमोर आणावं. खोली नाही, खिडकी नाही, माणूस तर नाहीच. मागे नुसता अंधार. खाली गुळगुळीत लाकूड, इतकं घासलेलं की त्यात कुत्र्याची सावली उतरते. (हे लाकूड म्हणजे मालकाची शवपेटी, अशी एक दंतकथा हौशी लोक सांगतात. तिला आधार नाही, आणि चित्राला तिची गरजही नाही.) कुत्र्याचं सगळं अंग शांत आहे, मागचे पाय दुमडलेले, पुढचे सरळ. हालचाल आहे ती मानेत आणि कानात. मान किंचित कलती, कान पुढे झुकलेला. कुत्र्याला एखादा आवाज ओळखीचा वाटतो पण त्याचा माणूस दिसत नाही, तेव्हा तो नेमका असाच बसतो. पाळलेल्यांनाच हे कळेल.

आपल्या रसविचाराच्या चौकटीत हे चित्र ठेवून पाहिलं तर एक गंमत हाती लागते. करुणाचा स्थायीभाव शोक. पण या चित्रात शोक शोधून सापडत नाही. जे आहे ते विस्मयाचं, म्हणजे अद्भुताच्या घरचं. कुत्रा दुःखी नाही, तो कोड्यात पडलाय. मालक गेला आहे, हे त्याला माहीत नाही. त्याचा आवाज इथून का येतोय, एवढाच त्याचा प्रश्न. शोक तयार होतो तो आपल्या बाजूला, आणि तोही दुहेरी. एक, मालक मेलाय हे आपल्याला कळतं तेव्हा. दुसरा, कुत्राही मेलाय हे कळतं तेव्हा. चित्रातला कुत्रा हरवलेल्या माणसाला ऐकतोय, आणि चित्र काढणारा माणूस हरवलेल्या कुत्र्याला पाहतोय. लँडसीअरचं १८३७ सालचं प्रसिद्ध चित्र याच्याशेजारी ठेवा : म्हाताऱ्या धनगराच्या शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा. रस्किनने त्याची मनसोक्त तारीफ केली आहे, आणि ते चांगलंच चित्र आहे. पण त्यात कुत्रा आपल्यासारखा शोक करतो. माणूस आपलं दुःख कुत्र्याच्या तोंडावर पाहायला आतुर असतो, आणि लँडसीअर ती हौस पुरवतो. बॅरॉ पुरवत नाही. म्हणून बॅरॉचं चित्र मला मोठं वाटतं. कलेच्या इतिहासाचे जाणकार याला नाकं मुरडतील, मुरडोत.

या चित्राची शोकांतिका मात्र वेगळीच आहे. बॅरॉने आधी रंगवला होता एडिसनचा फोनोग्राफ, मेणाच्या नळकांड्याचा. चित्र तिथे खपलं नाही. मग तो उसना पितळी कर्णा मागायला ग्रामोफोन कंपनीत गेला, आणि तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं, फोनोग्राफ पुसून आमचं यंत्र रंगवा, आम्ही चित्र घेतो. बॅरॉने ते केलं. ५० पौंड चित्राचे, ५० पौंड हक्कांचे. मूळ कॅनव्हासवर उजेड तिरका पडला तर रंगाखालचा जुना फोनोग्राफ अजून जाणवतो. वरवर पाहता यंत्राच्या जागी यंत्र आलं, एवढंच. पण फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज मुद्रित करता येई. कर्ण्यात बोला, तुमचाच आवाज परत ऐका. मेलेल्या भावाचा आवाज त्या नळकांड्यावर असू शकत होता. तबकडी मात्र कारखान्यात तयार होऊन येते. तिच्यावर गायक-गायिका असतात, घरचं माणूस नसतं. ग्रामोफोन रंगवला आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, ‘धन्याचा आवाज’, या शीर्षकातला धनी चित्रातून निघून गेला. उरला तो छाप. पुढे बॅरॉने कंपनीसाठी याच चित्राच्या २४ प्रती स्वतःच्या हाताने काढल्या. आपल्याच गेलेल्या कुत्र्याचं चित्र विसाव्या वेळी काढताना चित्रकाराला काय होत असेल, हे विचारायला आता कुणी नाही. आणि आपल्याकडे तर त्याहून गमतीचं झालं. मराठी राजकारणात कुणाला कुणाचा पोपट म्हणायचं असेल तर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणतात. एका घरच्या कुत्र्याच्या आठवणीची शिवी झाली.

हे सगळं आठवायचं कारण कुकटपल्ली.

कुकटपल्लीला जुन्या मराठी हैदराबादशी फारसं देणंघेणं नाही. ते हैदराबाद सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुऱ्याचं. इकडे, मियापूरच्या बाजूला, आलो ते नोकरीमागून आलेले. हाउसिंग बोर्डाची वसाहत, तिच्या आखीव गल्ल्या, शिकवणी वर्गांचे फलक, आणि डोक्यावरून जाणारी मेट्रो. पत्ता सांगताना लोक खांबाचा नंबर सांगतात. मेट्रोच्या या पुलाच्या सावलीत फोटो स्टुडिओ आणि फ्लेक्स छापणारी दुकानं दाटीवाटीने आहेत. पासपोर्टचा फोटो, लग्नाचा अल्बम, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणि दशक्रियेचा फ्लेक्स, सगळं एकाच संगणकावर होतं. अलीकडे त्या संगणकात आणखी एक साचा आला आहे, कुत्र्या-मांजरांसाठी.

आमच्या इमारतीतली चिट्टी गेली तेव्हा तो मी प्रथम पाहिला. चिट्टी रस्त्यावरची, तांबूस, २०१४ च्या पावसात जिना चढून वर आली आणि पाचव्या मजल्यावरच्या एका तेलुगु घराची झाली. आंटी तिच्याशी तेलुगुत बोलत, आमच्याशी हैदराबादी हिंदीत. १० वर्षांनी ती गेली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, फतुल्लागुड्याला, महापालिकेची प्राण्यांची दहनभट्टी आहे; रिक्षावाले तयार होईनात, शेवटी कुणाच्या तरी गाडीतून नेलं. मग आठवड्याभरात दिवाणखान्यातल्या शोकेसवर चौकट आली.

ती चौकट अशी. १२ इंच गुणिले १८. चिट्टी समोरून, थेट आपल्याकडे बघतेय, तोंड उघडं, जीभ बाहेर, म्हणजे माणसाच्या हिशोबाने हसरी. मागे आभाळ, पांढरे ढग, ढगांत एक इंद्रधनुष्य. गळ्यात झेंडूचा हार, संगणकातला. वर तेलुगुत श्रद्धांजली. खाली दोन रकाने, ‘जननं’ आणि ‘मरणं’. जन्माची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा त्या रकान्यात ती घरी आली तो दिवस टाकला होता. अख्ख्या चौकटीत खरी वाटलेली गोष्ट तेवढी एकच.

साच्यावर हसू नये. तो माणसांच्या श्रद्धांजलीवरून आला आहे, आणि माणसांच्या श्रद्धांजलीत हे सगळं अर्थपूर्ण आहे. भिंतीवरचे आजोबा आपल्याकडे बघतात कारण ते जिवंतपणीही आपल्याकडे बघत, जाब विचारत, आशीर्वाद देत. हार, कुंकू, उदबत्ती हे त्या नजरेशी व्यवहार करायचे मार्ग आहेत. ढगातलं इंद्रधनुष्य मात्र कुकटपल्लीचं नाही आणि तेलुगुही नाही. ते स्कॉटलंडमधून आलंय : एडना क्लाइन या १९ वर्षांच्या मुलीने १९५९ मध्ये आपला लॅब्रेडोर गेल्यावर एक लहानसं गद्य लिहिलं, ज्यात मेलेली जनावरं इंद्रधनुष्याच्या पुलापाशी मालकाची वाट बघतात. ते हातोहात पसरलं, कागदावरचं नाव गळून पडलं, लेखिका कोण हे जगाला २०२३ मध्ये कळलं, आणि तोवर इंद्रधनुष्य प्राण्यांच्या प्रत्येक श्रद्धांजली-पत्रावर चढून बसलं होतं. स्टुडिओतल्या पोराला ते इंद्रधनुष्य का आहे हे माहीत नव्हतं. ‘डॉग वाले में आता मेडम,’ एवढंच तो म्हणाला.

मला खटकली ती नजर. कुत्रा आपल्याकडे बघतो तो बहुतेक वेळा आपण हाक मारली म्हणून, हातात बिस्कीट आहे म्हणून. फोनमधल्या हजार फोटोंपैकी नऊशे असे असतात : ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणून मिळवलेले. त्यांत कुत्रा कमी आणि आपली हाक जास्त असते. जनावराचं जिवंतपण, मला वाटतं, त्याच्या लक्षात असतं. त्याचं लक्ष कशाकडे लागायचं, ते चित्रात पकडता आलं तर जनावर परत येतं. त्याने आपल्याकडे पाहिलं की बहुतेक वेळा आपणच परत येतो.

ही गोष्ट दख्खनमधल्या एका शिल्पकाराला हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा शिलालेख हा अभ्यासकांना ठाऊक आहे तो राजकीय कारणासाठी. राष्ट्रकूट तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र राजादित्याला मारलं, इ.स. ९४९-५० च्या सुमाराचा हा पुरावा. मुंबई इलाख्यात मुलकी नोकरी करता करता कोरीव लेख वाचणाऱ्या फ्लीटने तो वाचून प्रसिद्ध केला. कृष्णाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड. ते निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा हैदराबादेत बसून त्याच्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. पण तो दगड उभारला गेला लढाईसाठी नव्हे. बूतुगाचा एक योद्धा होता, मणलेर. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन धनी म्हणाला, माग काय हवं ते. मणलेराने जमीन मागितली नाही, सोनं मागितलं नाही. काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. तो मिळाला. पुढे एका मोठ्या रानडुकरावर काळीला सोडलं, आणि कुत्रा नि डुक्कर एकमेकांना मारून मेले. मणलेराने चल्लेश्वराच्या देवळापुढे काळीसाठी दगड उभा केला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली.

आता दगड पाहा. तो आज बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या वीरगळांची रीत आपल्याला पाठ असते : तळाशी लढाई, मग वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढे हात जोडलेला वीर, चंद्र आणि सूर्य. आतकूरच्या शिल्पकाराने ते मजले चढवलेच नाहीत. काळीला स्वर्गात नेलं नाही, हात जोडायला लावले नाहीत. एवढ्या अक्षरांच्या गर्दीत एकच दृश्य : कुत्रा आणि डुक्कर, भिडलेले. राजे, लढाया, गावांची यादी, सगळं शब्दांत. शिल्पात फक्त ते दोघे. कुत्र्याचं तोंड डुकराकडे आहे. आपल्याकडे नाही, धन्याकडे नाही, देवाकडेही नाही. मणलेराला त्याचा कुत्रा जसा शेवटचा दिसला, तसाच त्याने तो ठेवला. आणि लेखाच्या शेवटी जी तंबी आहे ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी जागा वाटते : जमीन सांभाळणारा गुरव या दगडाची पूजा न करता जेवला, तर त्या कुत्र्याचं पाप त्याला लागेल. शिलालेखांत शाप असतात ते गाढवाचे, काशीत गाय मारल्याचे. इथे कुत्र्याचा हिशोब वेगळा मांडलाय. म्हणजे कुत्र्यालाही पाप असतं, तेवढा तो माणसाच्या बरोबरीचा होता.

रायगडावरचा वाघ्या इथे आठवणारच. महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावरचा तो पुतळा १९३६ चा, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या देणगीतून उभा राहिलेला. चितेत उडी घेतलेल्या कुत्र्याच्या कथेला मराठी मनात घर मिळवून देण्यात गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’चा वाटा मोठा. समकालीन कागदांत या कुत्र्याचा पत्ता नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. २०१२ मध्ये पुतळा हलवला गेला, पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी पुन्हा पुढे आली. त्या वादात मला पडायचं नाही. माझं म्हणणं चित्रकलेपुरतं आहे : वाघ्याचा कान कसा होता, तो कशाने भुंकायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. तिथे एका गुणाला कुत्र्याचं शरीर दिलंय. स्मारक ते असेल. एका कुत्र्याचं स्मृतिचित्र म्हणून मात्र त्याच्याजवळ काळीच्या दगडाइतकं काही नाही.

आणि आपल्या देवघरातले कुत्रे? दत्ताच्या तसबिरीतल्या चौघांना आपण वेद म्हणतो आणि पुढे जातो. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायांशी जो इवलासा कुत्रा ठोकलेला असतो तो मात्र मला नेहमी खरा वाटतो, कारण तो धावतोय. सोनाराला चांदीच्या पत्र्यावर जागा इंचभरही नसते, तरी तो त्याची शेपूट वर ठेवतो.

आता चिट्टीचं दुसरं चित्र. पहिल्या चौकटीनंतर काही दिवसांनी ते आलं, आणि ते शोकेसवर न जाता दाराशी, चपलांच्या कपाटावर लागलं. मला विचाराल तर आमच्या कुकटपल्लीतलं सर्वांत चांगलं चित्र ते आहे. काढणारा कलावंत नव्हे, घरातला कॉलेजात जाणारा मुलगा, आणि काढताना त्याच्या मनात बहुधा काहीच नव्हतं.

चिट्टी पाठमोरी आहे. पाचव्या मजल्याचा मार्ग, फरशी पिवळट, डाव्या हाताला जिन्याची जाळी. समोर लिफ्टचं दार, बंद. चिट्टी दारापासून दोनेक हात मागे बसली आहे, मधोमध. शेपूट फरशीवर अर्धवर्तुळात पसरलेली. ती हलत होती म्हणून तिचं टोक पुसट झालंय. लिफ्टच्या दारावरच्या स्टीलमध्ये एक तांबूस डाग दिसतो, तिचंच प्रतिबिंब, ओळखू न येणारं. आणि वरचे दोन कान, पूर्ण उभे, किंचित पुढे. बस, एवढंच. चेहरा नाही. हसू नाही. तिला ओळखायला तुम्ही या मजल्यावर राहिलेले असायला हवं.

संध्याकाळी साडेसात-आठला अंकल कामावरून येत. लिफ्ट खालच्या मजल्यावरून निघाली की चिट्टीला कळे. कशी, ते देव जाणे, कारण लिफ्ट दिवसभर वरखाली करतच असते. इतर वेळी ती उठत नसे. त्या एका फेरीला उठून बाहेर येऊन बसे. फोटो त्या क्षणांतला आहे. दार उघडायच्या आधीचा. म्हणजे चित्रात अंकल नाहीत पण चिट्टीच्या कानांत आहेत, आणि या जागी मला बॅरॉ आठवला. तिथे कर्णा, इथे लिफ्टचं स्टीलचं दार. तिथे माणूस परत यायचा नाही, इथे तो रोज यायचा. आता फक्त बसणारी नाही. रचनाही तीच, एक बंद वस्तू आणि तिच्याकडे लागलेले कान. आणि रसही तोच. चित्रात शोक नाही, उत्सुकता आहे. शेपटीचं पुसट टोक तर मी या चित्रातली सर्वांत नेमकी रेषा म्हणेन. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती चूक आहे. कुठलाही जाणता छायाचित्रकार तो फोटो पुसून दुसरा काढता.

तांत्रिक अंगानेही हे चित्र कसंबसं जगलं. मुलाने ते कधीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं, फोन बदलला, मूळ गेलं, आणि परत मिळालं ते व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथे फोटो आकसतो, लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. १८ इंचांवर पसरलं तर इंचाला ९० ठिपकेही येत नाहीत; छपाईला याच्या तिप्पट लागतात. म्हणून हे चित्र लहान छापलं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं. दारात उभं राहून वाकून पाहावं लागतं, आणि त्याने बरंच झालं. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलं नव्हतं हेही नशीब. फोन पाठीमागचं धूसर करताना कानांची टोकं आणि मिशा खाऊन टाकतो, आणि या चित्रात खाण्यासारखं महत्त्वाचं काही असेल तर ती कानांची टोकंच.

कारण चिट्टीचा एक कान कापलेला होता. महापालिकेची गाडी रस्त्यावरची कुत्री पकडून नेते, शस्त्रक्रिया करते आणि होती तिथे आणून सोडते; तीच कुत्री पुन्हा पकडली जाऊ नयेत म्हणून कानाच्या टोकाला खाच पाडते. तशी नियमातच तरतूद आहे. चिट्टी आमच्या जिन्यावर चढून आली ती ही खाच घेऊनच. तिचा रस्त्यावरचा सगळा आधीचा जन्म त्या खाचेत होता. आंटी तेल लावताना बोट तिथून फिरवत.

पहिल्या चौकटीत ती खाच नव्हती. स्टुडिओतल्या पोराने फोटो ‘साफ’ करणाऱ्या प्रणालीत टाकला. हल्ली सगळे टाकतात. तिने पार्श्वभूमी काढली, डोळ्यांत चमक घातली, आणि कान फाटलेला दिसला म्हणून तो शिवूनही टाकला. एखाद्या हजार कुत्र्यांच्या सरासरीतून आलेला कान तिथे बसला, निर्दोष, टोकदार. आंटींना चौकट आणली तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. मग चार दिवसांनी, स्वयंपाकघरातून, ओरडल्या : ‘कान!’

चौकट परत गेली. पोरगं भलं होतं, पैसे मागितले नाहीत. हाताने खाच काढून देतो म्हणालं, फक्त सांगा, कौनसा कान? आणि घरात कुणालाच खात्रीने सांगता येईना. दहा वर्षं बोट फिरवलेला कान. आंटी म्हणत डावा, मुलगा म्हणे उजवा, अंकल म्हणाले दोन्ही तपासा. फोन उघडले तर अर्ध्या फोटोंत खाच डावीकडे, अर्ध्यांत उजवीकडे. सगळे हसायला लागले, मग घाबरले. उलगडा स्टुडिओतच झाला : मुलाचे फोटो सेल्फीचे, त्यांतले काही आरशासारखे उलटे साठवलेले. मग उलटा कुठला, सुलटा कुठला? कुत्र्याच्या अंगावर काही लिहिलेलं नसतं.

तेव्हा हा पाठमोरा फोटो निघाला. त्यात लिफ्टच्या शेजारी सोसायटीची तेलुगु सूचना चिकटवलेली आहे, किती जण, किती किलो, आणि तिची अक्षरं सरळ वाचता येतात. म्हणजे फोटो सुलटा. पाठमोरी चिट्टी, म्हणजे आपला डावा तो तिचाही डावा. आणि खाच तिथेच होती, लिफ्टच्या दाराच्या उजेडात कापल्यासारखी स्पष्ट. इतकी वर्षं कुणी न पाहिलेला फोटो त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाहिला, आणि आंटी म्हणाल्या, हाही छापून द्या.

पोराने आधीच्या चौकटीतल्या हसऱ्या चिट्टीच्या डाव्या कानावर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, एक छोटी तिरकी खाच पाडली आणि पडदा आंटींकडे वळवला. बस क्या, अम्मा?

आंटींनी चष्मा लावला, पडद्याजवळ गेल्या. ‘नक्को,’ त्या म्हणाल्या, ‘थोडा और काटो.’